पटावर दोघं

एकेकाळी दाटीवाटीने भरणाऱ्या त्या प्राथमिक शाळेचा पट घटत घटत दोनवर आला होता, आणि आज सकाळपासून अख्ख्या शाळेची एकमेकांशी कट्टी होती. ढब्बू गाल फुगवून खिडकीशी, तर मनी पार दाराजवळच्या बाकावर. भांडण उकरून काढलं होतं ते मनीनेच. मोठ्या शाळेच्या नुसत्या नावानेच पोरीला शिंगं फुटली, असं बाईंना वाटलं.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला बोलावलं. "अगं, उद्यापासून तू तिकडे जाणार. आज तरी बट्टी कर की त्याच्याशी!"

मनीचे डोळे डबडबले.

"नको ना बाई," ती हळूच म्हणाली. "बट्टी केली तर उद्या तो इथे एकटाच रडत बसेल. रागावलेला असला की तो रडत नाही."