बाळची गोळी

"मग दोन्हींतली बरी कुठली?" भिंगवालीने विचारलं.

डॉक्टरबाईंनी टेबलावर दोन रिकामी खोकी ठेवली होती, एक निळं, एक पांढरं. भिंगवाली चष्म्याच्या दुकानात दिवसभर हेच करायची. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, हे बरं की ते? आज गिऱ्हाईक तीच होती, आणि मुकाट्याने मान डोलवणाऱ्यांतली ती नव्हे.

"सरसकट बरी अशी कुठलीच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्ही उत्तेजक औषधं. निळ्यातली मेथिलफेनिडेट, पांढऱ्यातली अ‍ॅम्फेटामिनच्या जातीची. कुणाला ही लागू पडते, कुणाला ती."

"अगं बाई, उत्तेजक?" शेजारच्या खुर्चीत आजी दचकल्या. "आधीच त्याच्या अंगात वारं शिरलेलं. त्याला शांत करायचं सोडून आणखी पेटवताय?"

"आजी, त्याच्या डोक्यात चार जण एकदम बोलत असतात. ही गोळी त्यातल्या तिघांना गप्प करते."

"मग मी इतकी वर्षं दुसरं काय केलं? गप्प बस, गप्प बस म्हणून घसा सुकला माझा! दोन धपाटे घाला पाठीत, येईल ताळ्यावर."

भिंगवालीला हसू आवरेना. डॉक्टरबाईही हसल्या, पण आजींना हसल्या नाहीत. फार गोड बाई. अशी डॉक्टर भेटायला नशीब लागतं.

बाळ बाहेर बाकावर बसला होता. बसला म्हणजे काय, उठत होता, बसत होता, भिंतीवरच्या फरश्या मोजत होता. आत यायला त्यानेच नकार दिला होता. "तुम्हीच ऐकून घ्या," तो म्हणाला होता, "माझं मन भलतीकडेच पळतं." तपासणी मोठ्या इस्पितळात आधीच झाली होती. लक्ष न टिकण्याचा आजार, तोही जन्मापासूनचा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि औषधासाठी इकडे पाठवलं.

"शाळेचं काय म्हणणं आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

भिंगवालीचा चेहरा उतरला. "पुढच्या सत्रात ठेवायचं की नाही, ते ठरवणार आहेत. वह्या बसमध्ये विसरून येतो. मागे एकदा भलत्याच वर्गात शिरला आणि घंटा होईपर्यंत तिथेच रमला. गणितात त्याचा हात धरणारा कुणी नाही हो, वर्गातली पोरं तर त्याच्यावर जीव टाकतात. पण मुख्याध्यापिकाबाईंचाही नाइलाज आहे. आणि शाळा सुटली ना, तर बाळ नुसता झुरेल. मला तीच धास्ती आहे."

सकाळी बाळचा डबा भरायचा, मोज्यांची जोडी जुळवून ठेवायची, शर्टाची बटणं नीट लागलीत ना ते बघायचं आणि मग धावतपळत दुकान गाठायचं, असा भिंगवालीचा दिनक्रम. कपाळाला आठी म्हणून नाही. खरंच, कौतुक करावं तेवढं थोडं.

"धोके सांगा," ती म्हणाली. "गोड गोड नको. सगळे सांगा."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "भूक मरते. उशिरा घेतली तर झोप उडते. माणूस चिडचिडा होऊ शकतो. दोन्हींनी नाडी आणि रक्तदाब वाढतो. पांढरीने काहींची भूक आणि झोप जास्त बिघडते. दोन्हींची सवय लागू शकते, म्हणून गोळ्या कुलपात ठेवायच्या आणि दुसऱ्या कुणाला चुकूनही द्यायच्या नाहीत."

"आणि हृदयाचं?"

"घरात कुणाला काही होतं?"

आजींनी पदर तोंडाला लावला. भिंगवालीच बोलली. "आजोबा. बसल्या जागी गेले. म्हणून तर रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही माझा. गोळी नाही दिली तर शाळा जाते. दिली आणि काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

ही खरी भीती होती. डॉक्टरबाईंनी ती उडवून लावली नाही. हृदयाच्या आलेखाचा कागद त्यांनी पुन्हा एकदा सावकाश पाहिला.

"आलेख स्वच्छ आहे. हृदयाची सोनोग्राफीही चांगली आहे. मी निळी सुचवेन, दिवसभर हळूहळू अंगात भिनणारी, अगदी कमी ताकदीची. रक्तदाब दर आठवड्याला मोजायचा. छातीत धडधडलं, दुखलं, चक्कर आली, तर गोळी बंद आणि तडक माझ्याकडे. उत्तेजक नसलेलंही औषध आहे, पण त्याला सावकाश गुण येतो. निळी सोसली नाही तर ते बघू."

"तुमच्या घरचं माणूस असतं, तर दिली असती?"

"घरचंच समजून बोलतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण शेवटचा शब्द बाळचा. त्याला पटल्याशिवाय मी गोळी लिहिणार नाही."

भिंगवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं जो तो बाळला सुनावत आला होता, विचारलं कुणी नव्हतं.

"हाक मारा त्याला," आजी म्हणाल्या. "बाळ! ये रे आत."

दार उघडलं. "काय गं पोरी, संपली का तुझी उलटतपासणी?" पांढऱ्या मिशीतून हसत बाळने लेकीला विचारलं आणि तो आपल्या आईच्या, आजींच्या, खुर्चीमागे अवघडून उभा राहिला. आजींचं ऐकून लेकही त्याला लहानपणापासून बाळच म्हणायची.

डॉक्टरबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"बसा सर," त्या म्हणाल्या. "वर्गात मी तुमचं ऐकायचे, इथे तुम्ही माझं ऐकायचं."