उदंड

गौरीचा मुखवटा ताम्हनात घेऊन मी आत आले. डॅलसमधल्या आमच्या नव्या घराचा पांढरा गालिचा कुंकवाने डागाळू नये, म्हणून गौरीची पावलं कागदाची कापली होती. गौर आणली की तिला सगळं घर दाखवायचं, ही आमची रीत. प्रत्येक दाराशी सासूबाई विचारणार, "इथं काय आहे?" आणि मी म्हणणार, "उदंड आहे."

लेकाचं एवढं मोठं घर दाखवताना त्यांचा आवाज चढला होता. माझ्या लेकीची खोली आली. ती नोकरीच्या गावी, सणाला रजा नाही. "उदंड आहे," मी म्हणाले. पाहुण्यांच्या खोलीत अजून कुणी झोपलंच नव्हतं. तिथंही उदंड. पुढच्या खोलीत नवरा मीटिंगमध्ये होता. त्याने आम्हाला तळहात दाखवला आणि दार लोटलं.

"इथं काय आहे?" सासूबाई कुजबुजल्या.

"उदंड काम."

"असं बोलू नये. देवी ऐकते."

"ऐकू दे की. या घरात कुणीतरी ऐकायला हवंच आहे."

शेवटची खोली त्यांची. इथं मात्र त्या दाराशी न थांबता आत गेल्या. खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली. त्या रस्त्याने गाडीशिवाय कुठंच जाता येत नाही आणि गाडी काढायला आम्हाला वेळ नसतो.

मग मीच विचारलं, "आई, इथं काय आहे?"

त्यांनी मुखवट्याचं कुंकू बोटाने सारखं केलं.

"हिचं बरं आहे गं," त्या म्हणाल्या. "ही परवा जाईल."