नितळ पाणी येईपर्यंत

शाळेच्या संडासाच्या हौदात पाणी नव्हतं. तळाशी एक पाल होती, आणि ती हुस्नुलकडे अशी बघत होती की घर तिचंच.

"आहे का?" दाराबाहेरून लाएलीने विचारलं.

"पाल आहे. पाणी नाही."

पाऊस गेल्यापासून हे असंच. म्हणून आठवीतल्या मुली सकाळी लावलेलं पॅड घरी जाईपर्यंत बदलत नसत. मांड्या सोलवटल्या तरी नाही. वापरलेलं पॅड धुतल्याशिवाय टाकायचं नसतं, टाकलं तर भूत येऊन चाटतं, हे लोंबोक बेटावरच्या प्रत्येक आईने प्रत्येक मुलीला सांगून ठेवलेलं. हसायच्या सगळ्या. न धुता टाकायची हिंमत मात्र एकीचीही नव्हती.

आज हुस्नुलचं बाहेर यायला लागलं होतं.

"नमाजघराच्या नळांना पाणी आहे," ती म्हणाली. "पोरं आत गेली की मी पटकन धुऊन घेते. तू पळ, समोरच्या दुकानातून नवीन आण. काळ्या पिशवीत दे म्हणावं."

"आणि साकिनाबाईंनी पकडलं तर?"

"पकडू देत. सुट्टीवर आहे म्हणेन. तू पण आहेस की!"

पाळीत नमाज नसते, म्हणून मुली पाळीलाच सुट्टी म्हणत.

लाएली पळाली. पोरं आत गेली. हुस्नुल नळापाशी उकिडवी बसली. लाएली येईपर्यंत आत काही नसणार होतं, म्हणून गुडघे घट्ट जुळवून. तिने पॅड दाबलं, पिळलं, परत दाबलं. पाणी लाल आलं, मग गुलाबी, मग आईने शिकवलं होतं तसं नितळ. ती खूश झाली. आईलासुद्धा इतकं स्वच्छ जमलं नसतं!

ते वहीच्या कागदात गुंडाळून ती उठली, तर समोर साकिनाबाई. नमाजाचा पांढरा झगा घालून.

"हातपाय धुऊन झाले ना? चल आत."

"बाई, मी सुट्टीवर आहे."

"मागच्या सोमवारी अर्धा वर्ग सुट्टीवर होता. पुरावा?"

हुस्नुलला हसूच आलं. पुरावा तर हातात होता. मान खाली घालून तिने कागद उघडला.

पॅड पांढरंशुभ्र होतं.

"कोरं आहे हे," बाई म्हणाल्या.

"धुतलंय बाई. आत्ताच. तुम्ही पण धुताच ना घरी?"

बाईंचा चेहरा उतरला, मग तापला. "नळाखाली धरलं की वापरलेलं झालं? आणि वर मला विचारतेस? देवाशी खोटं बोलायला लाज नाही वाटत?"

"पण बाई, अशा वेळी नमाज पढणं पाप आहे. तुम्हीच..."

"पाप कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस."

बाईंनी कपाटातला एक झगा काढून स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावरून घातला, तिला शेवटच्या रांगेत ढकललं आणि स्वतः मुलींच्या पहिल्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. हुस्नुलने ओठ मिटून घेतले. निदान शब्द तरी म्हणायचे नाहीत. मांड्या ओठांहून घट्ट.

लाएली धापा टाकत पायरीपाशी आली, तेव्हा सगळ्या जमिनीला कपाळ टेकून सजद्यात होत्या. ती तिथेच थांबली. तिलाही आत पाऊल टाकता येत नव्हतं. हातात काळी पिशवी. समोर ओणवलेल्या पांढऱ्या पाठी, एकीसारखी दुसरी. शेवटच्या रांगेतली एक सोडून. ती खाली लाल होत चालली होती.

"हुस्नुल," ती पुटपुटली.

सगळ्या उठून बसल्या. नमाज संपताना मान आधी उजवीकडे वळवतात, मग डावीकडे. सगळ्यांनी वळवली.

मागे कोणीच बघितलं नाही.