फक्त पासवाल्यांसाठी

“आज फक्त पासवाल्यांनाच,” खिडकीतली बाई म्हणाली.

रेनाताच्या पुढचा टकला माणूस आपली आणि दोन मुलांची सुटी तिकिटं घेऊन नुकताच आत गेला होता. तिकिटांचं भेंडोळं अजून खिडकीत लोंबत होतं.

“त्यांनी पास नाही दाखवला.”

“ती शेवटची होती.” बाईने रेनाताच्या सावळ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिचा हात धरून उभ्या असलेल्या मुलीकडे. “तुम्हा रोमा लोकांच्या वस्तीत सांगितलंय की मागेच. दर उन्हाळ्यात तेच तेच किती बोलायचं?”

साबिना रेनाताच्या भावाची मुलगी, सहा वर्षांची. फ्रॉकच्या आत तिने सकाळपासूनच पोहायचा पिवळा पोशाख घातला होता. आत्याचं काम संपलं की पोहायचं, असं ठरलं होतं.

रेनाताने ओळखपत्र काचेला टेकवलं. जिल्हा आरोग्य कार्यालय, पाणी तपासणी. बाईने ते दोनदा वाचलं, फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि फोन उचलला.

“हुदाकसाहेब, पाणी तपासायला आल्यात. हो, कार्यालयातूनच. नाही म्हणजे... तुम्ही खाली याच.”

तरणतलावाचा व्यवस्थापक हुदाक हात पुसत आला. “माफ करा हं, इंजिनियरबाई. हिला माणसं ओळखता येत नाहीत. तुम्ही थोड्याच त्यांच्यातल्या?”

“त्यांच्यातलीच. रेल्वेरुळांपलीकडची.”

“तेच म्हणतोय मी. सगळे तुमच्यासारखे असते तर ही पासची भानगड आम्ही कशाला केली असती?” त्याने साबिनाला कुंपणाबाहेरचा बाक दाखवला. “तू बस इथे, बाळ. आत्याचं होईपर्यंत.”

मुलांच्या तलावाजवळ वास नाकात घुसत होता. पाण्यावर उन्हाच्या क्रीमचा तवंग होता. काठाच्या पन्हळीत केसांचा पुंजका आणि वापरलेली जखमपट्टी अडकली होती. टकला माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने एक नाकपुडी दाबून दुसरी पाण्यात मोकळी केली आणि त्यावरून हात फिरवला. त्याचा धाकटा मुलगा काठाला धरून एकदम स्थिर झाला, दूर कुठेतरी बघत राहिला, आणि मग पुन्हा खेळायला लागला.

“वास बघा,” हुदाक छाती भरून म्हणाला. “रोज जास्तीचा क्लोरीन टाकतो. याला म्हणतात स्वच्छता.”

रेनाता गुडघ्यांवर बसली. कोपरापर्यंत हात बुडवून तिने बाटली भरली. काचेच्या छोट्या नळीत नमुना घेऊन पहिली गोळी टाकली. पाणी फिकट गुलाबी झालं. यंत्रावरचा आकडा तिने टिपून घेतला. दुसरी गोळी टाकल्यावर गुलाबी रंग गडद होत गेला, थांबेचना. तिने नळी धुतली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. तोच रंग.

“नुसत्या क्लोरीनला असा वास येत नाही,” ती म्हणाली. “लघवी आणि घामाशी त्याचा संयोग झाला की येतो. तसला क्लोरीन इथे मर्यादेच्या चौपट आहे. पाणी कधी बदललंत?”

हुदाकने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पाण्याची नोंदवही आहे ना. त्यात आहे.”

“नोंदवहीत दर आठवड्याला आहे. मी खरं विचारतेय.”

“जूनमध्ये. पाणी फुकट येतं का? आणि आता घाण करायला आहे कोण? तीन वर्षांत तुमच्या... त्या लोकांपैकी एकाचाही पाय या पाण्यात पडलेला नाही. देवाशपथ.”

“एकाचाही नाही?”

“एकाचाही नाही.”

रेनाताने पाण्यातल्या चाळीसेक पांढऱ्या पाठींकडे पाहिलं आणि वहीत आकडा लिहिला.

हुदाक तिच्या शेजारी उकिडवा बसला. “हे बघा, सोमवारी बदलतो पाणी. तुम्ही आज चालेल असं लिहा. बाहेरची मुलगी तुमचीच ना? आणा की तिला आत. आज काय, रोज येऊ दे. पास मी स्वतः करून देतो, फोटोही नको. माझ्या काळात कोणी तिला अडवणार नाही.”

कुंपणापलीकडे साबिना बाकावर उभी होती. तिने सँडल काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या. आत्या बघतेय असं दिसताच तिने फ्रॉक थोडा वर करून पिवळा पोशाख दाखवला.

रेनाताचा हात कोपरापर्यंत ओला होता. तिने तो नाकाजवळ नेला. मग पेन उघडून अहवालाच्या तळाशी सही केली आणि ‘तलाव बंद’चा लाल कागद हुदाकच्या हातात दिला.

“हा दारावर लावा. माझ्यासमोर.”

शिट्टी वाजली. माणसं कुरकुरत, पाणी निथळत बाहेर येऊ लागली. खिडकीतली बाई दारातच उभी होती.

“बघा,” ती टकल्या माणसाला म्हणाली, “ही आली काय आणि पाणी बंद झालं काय.”

“तरी म्हटलं,” तो म्हणाला. साबिनाजवळून जाताना त्याने मुलांना आपल्या दुसऱ्या बाजूला घेतलं.

रेनाता बाकापाशी आली. सँडल उचलून साबिनाच्या पायात घालू लागली.

“आज नाही, साबी. पाणी घाण आहे.”

साबिनाने कुंपणातून आत पाहिलं. तिला ते पटलं नाही.

“पण आपण तर अजून आत गेलोच नाही,” ती म्हणाली.