चाकांवर जगणारा रस्ता

बोगदा झाल्यापासून जुन्या घाटात गाडी फिरकेना, म्हणून सुभद्राबाई टेमकर रोज दुपारी रश्श्याचं पातेलं झाकून स्वतःच जीपने वीस फेऱ्या मारायच्या. घाटातल्या रबरी डांबराच्या भेगा चाकांचा दाब मिळाला की आपोआप सांधायच्या. दाब थांबला की रस्ता कडक होऊन तडकायचा. तडकलेला रस्ता बांधकाम खातं उखडून नेणार आणि त्याच्यासोबत बाईंचं मिसळीचं हॉटेलही जाणार, हे ठरलेलं होतं.

खात्याकडून तपासणीला आलेले तांबोळी साहेब रस्त्यावरचा दाब मोजणाऱ्या यंत्राकडे बघत म्हणाले, "मावशी, फेऱ्या भरल्यात, पण सगळ्या एकाच चाकोरीतून. दोन्ही कडांचे पट्टे तुळतुळीत, मधल्याचा पापड झालाय."

"आमचे हे शिकवून गेलेत, डावी बाजू सोडायची नाही."

"मग तेवढीच जगली."

"उद्यापासून नागमोडी चालवते."

"अहवाल आजचा आहे, मावशी."

बाईंनी मिसळ वाढली. तर्री मात्र हात आखडूनच घातली. साहेबांनी ताटली पुसून खाल्ली, अहवालावर पुढच्या सोमवारची तारीख टाकली आणि परतताना सरकारी गाडी रस्त्याच्या अगदी मधोमध, बैलगाडीच्या चालीने नेली.