बत्तिसावा क्लिक

इंद्रजीत सरांनी स्पोर्ट्‌स कारसाठी कॉइलओव्हर सस्पेन्शन फोनवरच निवडलं. नॉब फिरवून गाडीचे धक्के मऊ-कडक करायचे बत्तीस टप्पे, म्हणजे क्लिक. मी ते बसवलं आणि सेटिंगच्या दिवशी त्यांच्या मिसेस गाडी घेऊन आल्या. सर शेजारी बसूनच राहिले. मॅडम गॅरेजमध्ये थांबल्या, मी स्टिअरिंगवर बसलो.

मार्केट यार्डामागे ट्रकांनी उखडलेला रस्ता आहे, तिथे गाडी घातली.

"लागतंय का सर कमरेत?"

"नाही. अजून कडक करा."

दर वेळी उतरायचं, नॉब फिरवायचा आणि पुन्हा त्याच खड्ड्यातून जायचं. लोक माझ्याकडे गाडी मऊ करून घ्यायला येतात, यांचं उलटंच. बत्तिसाव्या क्लिकला माझे दात वाजले, मणका हलला.

"आता तरी लागलं?"

सर डोळे मिटून बसले होते. "नाही."

मोठ्या लोकांची कंबरही इम्पोर्टेड असते, मी मनात म्हटलं आणि गाडी गॅरेजला आणली.

 

मॅडमनी डिकीतून व्हीलचेअर काढली, सरांच्या दाराशी उघडली आणि हळूच मला विचारलं, "काहीच जाणवलं नाही का हो त्यांना?"