ओहोटीचं पाणी

श्रीरंगला समुद्री मासे पाळायचा आणि त्यांचे फोटो काढायचा नाद होता. टाकीसाठी पाणी तो पाचूबंदरच्या किनाऱ्यावरून आणायचा. तिथली मासेवाली कमळी दर वेळी बजावायची, "भाऊ, भरतीचंच पानी ने. ओहोटीचं पानी घरात राहत नाय."

दिवाळीच्या सुट्टीत नायगावच्या घरून निघायला उशीर झाला, आणि त्याने ओहोटीचेच दोन कॅन भरून आणले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीतलं पाणी चार बोटं उतरलं. रात्रीच्या जेवणापर्यंत ते आपलं आपण पुन्हा काठाला आलं. नारिंगी माशांची जोडी पाण्याबरोबर संथपणे खालीवर होत राहिली. श्रीरंगने काचेवर खुणा केल्या, अख्खा रोल संपवला. वेळा कॅलेंडरातल्या भरती-ओहोटीशी तंतोतंत जुळत होत्या.

अमावास्येला भर दुपारी उधाण होतं. टाकी ओसंडून वाहील या धास्तीने तो कॅमेरा घेऊन समोर बसला. बारा वाजले, साडेबारा झाले. पाणी जराही चढलं नाही. त्याला हायसं वाटलं.

तेवढ्यात, सकाळभर फराळाचं तळून दमून आत झोपलेली त्याची बायको मनोरमा दारात आली. तिच्या ओल्या केसांतून वाळू गळत होती.

"अहो," तिने झोपाळलेल्या आवाजात विचारलं, "आज ओहोटी कितीला लागते?"